अमझेऱ्याची सायकल आणि इंदूरचा रस्ता

माळव्यातील धार हे नाव आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. पवारांची गादी तेथे होती, आणि दुसरा बाजीराव १७७५ साली तेथल्याच किल्ल्यात जन्मास आला, एवढे तरी शाळेतील इतिहासाच्या पुस्तकातून कोणाकोणाच्या ध्यानात राहिले असेल. त्या धारेहून पश्चिमेस काही कोस गेले म्हणजे अमझेरा लागते. गाव आज लहान आहे; परंतु एके काळी ते राठोड राजांच्या संस्थानाची राजधानी होते. तेथील राजा बख्तावरसिंह १८५७ च्या उठावात सामील झाला, म्हणून इंग्रजांनी त्यास १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास फाशी दिले, आणि त्याचा मुलूख पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात गेला. गावाजवळ अमका-झमका देवीचे मंदिर आहे. रुक्मिणीचे हरण येथूनच झाले, असे तेथील लोक सांगतात. आपल्या विदर्भातील कौंडिण्यपूरचे लोकही आपल्या गावाविषयी नेमके हेच सांगतात. तो तंटा सोडविण्याचे काम आम्ही अंगावर घेणार नाही.

आम्ही अमझेऱ्यास गेलो ते गतवैभव पाहण्यासाठीही नव्हे. काही कामानिमित्त धारेस मुक्काम पडला होता व मध्ये एक दिवस मोकळा होता. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते वृद्ध गृहस्थ मराठी. त्यांचे घराणे पवारांबरोबर माळव्यात आलेले. बोलणे शुद्ध मराठीच, पण मधूनमधून त्यात 'अपन' आणि 'भिया' डोकावतात, आणि ते कानांस गोड लागते. ते म्हणाले, "फादर, उद्या अमझेऱ्याचा बाजार आहे, तो पाहून या. मांडू काय, सगळेच पाहतात." आम्ही त्यांचा सल्ला मानला, आणि मानला ते बरेच झाले.

सकाळच्या त्या रस्त्यावर मोटारी थोड्याच होत्या. मोटारसायकली होत्या, एकेकीवर तिघे-चौघे बसलेले. परंतु उरलेला सारा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होता. भिल्ल आणि भिलाला कुटुंबे एकामागून एक अशी ओळीने चालली होती. पुरुषांच्या खांद्यावर काठी, बायांच्या डोक्यावर टोपली, कडेवर मूल. त्यांच्या पावलांत घाई नव्हती, तसा रेंगाळलेपणाही नव्हता. आणि त्यांना ओलांडून घंट्या वाजवीत शाळेकडे निघालेल्या मुलींचे सायकलींचे थवे. पाच-सात जणी मिळून जात, म्हणजे वाटेत कोणी वेडेवाकडे बोलण्यास धजत नाही. एकीची साखळी उतरली तर बाकीच्या सर्व थांबत. एक तर मागच्या कॅरियरवर धाकट्या भावास बसवून चालली होती, आणि तो गृहस्थ दोन्ही हात सोडून ऊस खात होता.

ह्या सायकली सरकारने दिलेल्या आहेत. मध्य प्रदेशात ज्या गावात पुढील शिक्षणाची शाळा नाही, तेथून दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत सहावीत किंवा नववीत दाखल होणाऱ्या मुलांस राज्य सरकार विनामूल्य सायकल देते. आरंभी ही सोय मुलींसाठी होती, पुढे मुलग्यांसही मिळू लागली. बिहारात २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांस असे आढळून आले की योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ह्या बाबतीत मुलगे व मुली यांच्यात जी तफावत होती ती ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा गुण अधिक आला. सरकारी योजनांविषयी कुरकुर करण्याची आपणां सर्वांस सवय आहे, आणि ती कुरकुर पुष्कळदा साधारही असते. म्हणून जेथे सरकारचे चांगले झाले आहे तेथे तसे म्हणावे, हे आम्हांस उचित वाटते. दोन चाके आणि एक घंटी यांनी जे साधले, ते नुसत्या उपदेशाने साधले नसते.

आता त्या मुलींचा रस्ता पुढे कोठे जातो ते पाहू, कारण आमचा विषय खरा तेथेच सुरू होतो.

परतीच्या प्रवासात धारेहून इंदुरास जाणाऱ्या बसमध्ये आमच्या शेजारी एक तरुण बसला होता. अमझेऱ्याजवळच्याच एका वाडीचा. इंदुरात एका गुदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतो. त्यालाही नववीत अशीच सायकल मिळाली होती. कामास लागल्यावर ती बसच्या टपावर चढवून त्याने इंदुरास नेली. खोलीपासून गुदाम पाच किलोमीटर. अमझेऱ्याच्या मानाने हे अंतर काहीच नव्हे. तथापि तीन आठवड्यांत त्याने ती परत घरी पोचविली. "बाबूजी, गावात मी सायकल चालवत होतो, शहरात ती मला चालवत होती," असे तो त्याच्या हिंदीत म्हणाला. मोठ्या चौकात डावीकडे वळणारे थांबत नाहीत, कडेने जावे तर मोटारी उभ्या असतात, मध्ये जावे तर मागून ट्रकचा कर्णा. एकदा हॅण्डलला धक्का लागून तो पडला व मनगट सुजले. आता त्याने मोटारसायकल घेतली आहे, हप्त्यांवर. पगाराचा जो भाग पूर्वी आईच्या हाती जात असे, त्यातून हप्ता व पेट्रोल भागते. सायकल धाकटी बहीण शाळेस नेते. बारावीनंतर तिला इंदुरास जाऊन रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. तेव्हा सायकलीचे काय, असे आम्ही विचारले. त्याने नुसता हात हलविला.

त्या मार्गाने जाताना उजव्या अंगास पीथमपूरचा कारखान्यांचा प्रदेश राहतो. हाही धार जिल्ह्यातच. ट्रक, टेम्पो, एके काळी स्कूटरही तेथे बनत आली. तेथेच मोटारींची चाचणी घेण्यासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा एक लंबवर्तुळाकार मार्ग बांधला असून २०२१ च्या जून महिन्यात तो खुला झाला. आशिया खंडात एवढा लांब दुसरा नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. मोटारीस विनाअडथळा धावता यावे म्हणून एवढी निगुतीने केलेली वाट! ज्याने मोटारीचे नट आवळले तो मजूर पाळी सुटल्यावर सायकलीने घरी जातो, त्याच्यासाठी अशी वाट बांधण्यास त्याच्या शतांश खर्चही पुरला असता.

सरकारला हे कळत नाही असे मात्र कोणी समजू नये. कागदावर तरी पुष्कळ कळते. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले. त्याचा गाभा असा की शहरातील रस्त्याची जागा वाहने मोजून वाटू नये, माणसे मोजून वाटावी. आणि पायी चालणाऱ्यास, सायकलस्वारास व बसच्या उतारूस त्यात आधी स्थान असावे. चाळीस माणसांची बस आणि एका माणसाची मोटार यांस सारखाच मान देऊ नये, ही गोष्ट शेतकऱ्यासही एका वाक्यात पटते. २०२० च्या साथीच्या काळात त्याच सरकारने 'सायकल्स फॉर चेंज' नावाची स्पर्धा शहरांपुढे ठेवली, आणि शंभरांहून अधिक शहरांनी तीत नाव नोंदविले. इंदुराने २०२३ च्या २२ सप्टेंबरला 'मोटारीविना दिवस' पाळला. अमझेऱ्याचे बहुसंख्य लोक असे दिवस वर्षातून ३६५ वेळा पाळतात. त्यांचा मात्र कोणी सत्कार केल्याचे ऐकिवात नाही.

हा विनोद सोडून देऊ, पण त्यातले मर्म महत्त्वाचे आहे. 'चालण्यास व सायकलीस उत्तेजन' असे शब्द धोरणांत येतात. जणू लोक आळसावले आहेत, व त्यांस हलवून जागे करावयाचे आहे. २०११ च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांस जाणाऱ्यांस ते कसे जातात हे विचारले होते. शंभरांपैकी सुमारे २३ जण पायी जात होते व १३ जण सायकलीने. मोटारीने जाणारे शंभरांत तीनही भरत नव्हते. म्हणजे उत्तेजनाची वाट न पाहता लोक चालतच होते. ज्यास पर्याय नाही त्यास उत्तेजन कसले द्यावयाचे? त्यास हवी असते ती जागा. ती न मिळाल्याने काय होते, हेही सरकारच्याच नोंदींत आहे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाची सारी वस्ती एका वर्षात नाहीशी व्हावी, तशी ही संख्या आहे.

इंदुरात बस गंगवाल स्थानकावर थांबते. तेथून राजमोहल्ल्यावरून राजवाड्यापर्यंत आम्ही पायी गेलो. पदपथ होता, नव्हता असे म्हणणे असत्य होईल. परंतु तो तुटक होता. दहा पावले चालावे, मग विजेचा खांब. पुढे दुकानाची पायरी बाहेर आलेली. पुढे उभ्या केलेल्या स्कूटरांची रांग. मग फळवाल्याची हातगाडी. प्रत्येक वेळी रस्त्यावर उतरावे आणि पुन्हा चढावे. आमच्यापुढे एक वृद्ध बाई चालली होती. तिने तो चढउताराचा नाद लवकरच सोडला व ती सरळ मोटारींच्या कडेने चालू लागली. हातगाडीवाल्यांविषयी येथेच दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पदपथ मोकळा करण्याची मोहीम निघते तेव्हा पहिला फटका ह्या लोकांसच बसतो, आणि तेही बहुधा कुठल्यातरी अमझेऱ्याहूनच आलेले असतात. त्यांस जागा नेमून द्यावी, असा कायदा २०१४ साली झालेला आहे. उभ्या मोटारीच्या मालकास असा कोणताही कायदा पदपथ देत नाही. तरी हातगाडी उचलली जाते व मोटार तेथेच राहते. हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

ह्याच इंदुराने शंभर वर्षांपूर्वी पायी चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आपले शहर पाहून घेतले होते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. हे गृहस्थ पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नकाशा हाती घेऊन गल्लीगल्लीतून दिवसच्या दिवस पायी हिंडणे ही त्यांची काम करण्याची रीत. १९१८ मध्ये दोन खंडांत त्यांनी दरबारास आपला अहवाल सादर केला. जुनी वस्ती फोडून रुंद सरळ रस्ते काढण्याचा तो काळ होता. गेडिसांचा त्यास विरोध. निष्णात शस्त्रवैद्य जेवढे सडले तेवढेच कापतो, तसे एखादे पडीक घर काढावे, तेथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, आणि गल्ली माणसांस चालण्यासाठी राहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे.

प्लेगची धास्ती घालविण्यासाठी त्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूकही काढली. ती कोणत्या रस्त्याने जाणार? ज्या रस्त्यावरील घरांची साफसफाई व डागडुजी सर्वांत चांगली होईल त्या रस्त्याने, असे त्यांनी जाहीर केले. मग काय, घरोघर चुन्याची बादली निघाली! मिरवणुकीत झाडूवाल्यांस त्यांनी मानाचे स्थान दिले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आज इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत २०१७ पासून वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले आहे, ते पाहून गेडिसांस संतोषच वाटला असता. आम्हांसही वाटला. रस्त्यावर खरोखरच कागदाचा कपटा दिसत नाही. परंतु मनात विचार येतो तो असा: लक्षावधी लोकांस ओला कचरा निराळा व सुका निराळा ठेवण्यास ज्या शहराने शिकविले, त्यास पदपथावरून स्कूटर उचलणे अशक्य आहे, हे कोण मानील?

तेथे एक प्रयत्न झालाही. आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची, केवळ बसगाड्यांसाठी राखलेली मार्गिका २०१३ साली सुरू झाली. आराखड्यात तिच्या दोहों बाजूंस सायकलींसाठी पट्टा आणि पदपथ होते. बस चालली, व चांगली चालली. सायकलींच्या पट्ट्यावर मात्र हळूहळू इतर वाहनांनी बस्तान बसविले. पुढे मोटारींची संख्या वाढली, रस्ता अपुरा पडतो अशी ओरड झाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बसची मार्गिकाच काढून टाकण्यास प्रारंभ झाला. भोपाळातही २०२४ च्या आरंभापासून तेच झाले. तेथे २०१७ साली भाड्याने सायकली देण्याची योजना मोठ्या थाटाने निघाली होती. ह्या निर्णयांस कारणे असतील. परंतु गर्दी झाली म्हणून बसची वाट काढून मोटारीस देणे, म्हणजे पंगतीत पान कमी पडले म्हणून मुलांस उठवून पाहुण्याच्या गड्यास दोन पाने मांडण्यासारखे आहे.

आपल्या पुण्याची कथा निराळी नाही. सायकलींचे शहर असा त्याचा एके काळी लौकिक होता. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, सर्व सायकलीवर. आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की चौकातला शिपाई शिट्टी फुंकी. २००६ च्या अखेरीस कात्रज-हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका निघाली व तिच्याबरोबर सायकलमार्गही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले, २०१७ मध्ये आठशे किलोमीटरांहून अधिक सायकलमार्गांचा आराखडा. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या. काही मोडल्या गेल्या, काही चोरीस गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सायकलमार्ग आहेत, पण तुकड्यातुकड्यांनी. आणि नदीवरचा पूल मध्येच संपावा तसा त्यांचा शेवट होतो. अर्धा पूल म्हणजे निम्मा उपयोग नव्हे, शून्य उपयोग, हे विसरले जाते. एक गोष्ट मात्र त्या शहराच्या पदरात घातलीच पाहिजे: २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून तेथे पादचारी दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी लहान मुले लक्ष्मी रस्त्याच्या मध्यभागी बसून खडूने चित्रे काढतात.

हे सर्व परदेशांतच शोभते, आपल्याकडे नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हॉलंडचे उदाहरण त्यांनी पाहावे. तेथील लोक जन्मतःच सायकलीवर बसलेले असतात असा एक समज आहे. वास्तविक युद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली हटल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. तशात १९७३ चे तेलाचे संकट आले, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि सरकारने एकेक करून सायकलींचे अखंड मार्ग बांधण्यास घेतले. म्हणजे त्या राष्ट्राची ती प्रकृती नव्हती. मुले गमावलेल्या आईबापांनी ती मागून घेतलेली सोय होती.

आपल्याकडेही अलीकडे एक गोष्ट घडली आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की सुरक्षित पदपथावरून चालण्याचा नागरिकाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, व अपंगांसही वापरता येतील असे पदपथ असावेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने राज्यांस पादचारी व सायकलस्वार यांच्याविषयी नियम करण्यास सहा महिन्यांची मुदत घालून दिली. तसे नियम करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांस आधीच मिळालेला होता.

हे गावच्या वाचकांस कशासाठी सांगावे, असे कोणी विचारील. एक तर आपली गावे आता गावे राहिलेली नाहीत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. वाडीतून भाजीची टोपली घेऊन स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्या आईच्या पायांखालची वाट तेव्हापासून शहराचा रस्ता ठरली, आणि ती रुंद झाली तरी आईच्या वाट्यास त्यातील किती आली, हे ज्याचे त्याने आपल्या दारात उभे राहून पाहावे. दुसरे असे की पालिकेच्या अंदाजपत्रकात पदपथांसाठी व सायकलमार्गांसाठी काय रक्कम धरली आहे व कोणत्या रस्त्यावर ती खर्ची पडली, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून कोणासही विचारता येते. अर्ज मराठीत चालतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.